मंडईत नाचतो, पत्त्यात पडतो

"नाच."

ठेकेदार मोहाच्या सावलीत खाटेवर बसून होता. मी उन्हात उभा. वैशाखातलं, आमच्या झाडीपट्टीतलं ऊन. सारा गाव फडावर जमला होता. सकाळी जंगलात जाऊन बिडीसाठी तेंदूचा पत्ता तोडायचा, घरी आणून त्याचे पुडके बांधायचे आन दुपारून फडावर नेऊन मोजून द्यायचे, असं ते काम. बाया, म्हातारे, पोरी, सारे आपापले पुडके पुढं मांडून बसले होते. माझ्यापुढं काईच नव्हतं. त्या हप्त्यात मी जंगलात पाऊलच टाकू शकलो नव्हतो.

"मंडईत नाचते ना बे तू? लुगडं नेसून? तवा तं कंबर अशी हालते का बायकायनं शिकावं. आन पत्ता तोडाचं म्हनलं का पाय लुळे? नाच इथी. पाहू दे साऱ्यायले."

लोक हासले. माझेच लोक. ज्यायच्या पोरायच्या लग्नात मी नाचलो, ते लोक.

मले वाटलं, नाचत तं नाई, पण उभा राहीन. ताठ उभा राह्यलो तरी जबाब झाला. पण ऊन डोक्यावर होतं. मांडीपासून खाली पाय हायेत का नाई तेच समजत नव्हतं. डाव्या डोळ्यापुढं धुपट आलं. आन मी पडलो. पडलो तं पडलो, धोतर ओलं झालं. माझा ताबाच नव्हता त्याच्यावर. मले तं ते समजलं बी नाई. लोकायच्या हासण्यावरून समजलं.

ठेकेदार म्हणला, "सोंगाड्या हाय साला. मुतायचं बी सोंग करते."

हे मी जसंच्या तसं सांगून राह्यलो. एक शब्द कमी नाई, जास्त नाई.

माझी बायको बयना रांगेत होती. ती उठली. पिण्याच्या पाण्याचं गाडगं उचललं आन सारंच्या सारं माझ्या कमरेवर ओतलं. आता कोणतं ओलं कशाचं, हे कोणाले समजणार नाई म्हणून. एवढी अक्कल त्या वक्ताले तिलेच सुचली. पण थंड पाणी अंगावर पडलं आन थोड्या वेळात माझे पाय परत आले. मी उठून बसलो. मंग बयनाचा खांदा धरून उभा झालो.

"पाह्यलं?" ठेकेदारानं टाळी वाजवली. "पानी पडलं का उठला. ढोंग्याले पानीच औषद."

त्या दिवशी बयनाचे पुडके ठेकेदाराच्या मुन्शीनं घेतले नाईत. पत्ता कच्चा हाय म्हणे.

सोंग हा शब्द मले परका नाई. दिवाळी झाली का आमच्या झाडीत गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. तिथी भरदिवसा, उघड्या मैदानात दंडार होते. गाणं, नाच, टवाळी, सारं त्यात आलं. त्यात जो तो जे रूप घेते त्याले आम्ही सोंग म्हणतो. "यंदा तुह्याकडं कोनतं सोंग?" असं दसऱ्यापासूनच लोक विचारत. माझ्याकडं बाईचं सोंग. वैनगंगेच्या या काठाले ब्रह्मपुरीपासून खाली जेवढ्या मंडया भरत, तिथी मले बोलावणं असे. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाची. आम्हाले वरच्या विहिरीवर चढू देत नसत. पण मंडईच्या दिवशी वरच्या मोहल्ल्यातल्या बाया पदराआडून मले पाहत आन म्हणत, "पाय कसे पडते पाहा माय, पाखरासारखे." तो माझा मान. आमच्या मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाले एवढा बी भेटला नव्हता.

पहिले डोळा गेला. फडावरच्या त्या गोठीच्या लय आधी, धानकापणीच्या दिवसांत. एक दिवस सकाळी उठलो तं डाव्या डोळ्यानं पाहावं तं जसं चुलीतल्या धुरातून पाहून राह्यलो. महिना गेला आन डोळा आपल्या मनानं आला. मी खूश. देवाले नारळ फोडला. दुसऱ्या उन्हाळ्यात पाय गेले. पावसाळा लागला, आले. मंग हात. हातातली विळी पडे आन मले समजत नसे. मंग तो बी आला. असं ते येई आन जाई, येई आन जाई. हेच तं माझं नशीब फुटकं. मी नेहमीचा लंगडा असतो तं लोकायनं लंगडा म्हणून सोडलं असतं. आंधळा असतो तं कोणी हात धरला असता. मी अर्धा होतो, आन तो बी कधी कधी.

थंडीत मी बरा राहो. मंडई थंडीतच. ऊन तापलं का मी कोसळो. तेंदूचा पत्ता उन्हाळ्यातच. कोण विश्वास ठेवन, सांगा? गावात म्हण पडली, "मंडईत नाचतो, पत्त्यात पडतो." कोणी कामाले टाळाटाळ केली का लोक म्हणत, "काऊन बे, तू बी पत्त्यात पडला का?" लहान लहान पोरं माझ्यामागं हे गात फिरत. दुपारी मी नदीत गळ्यापर्यंत बसून राहो, तं पाय येत. लोक ते बी पाहत. म्हणत, काम सरलं का याले पाय फुटतात.

बाधा उतरवणाऱ्या पुजाऱ्यानं कोंबडं घेतलं. मंग बकरं मागतलं. बकरं कुठून आणाचं?

माय मरणाले टेकली होती तवाची गोठ. तिनं मले जवळ बोलावलं. म्हणे, "बापू, खरं सांग. दुखते का तुले?" दुखत नव्हतं. सुन्न होतं. पाय माझेच नाईत असं वाटे, पण दुखत नव्हतं. मी खरं तेच बोललो. म्हणलो, "नाई माय, दुखत नाई." तिनं तोंड भिंतीकडं केलं. मंग माझ्यासंगं बोललीच नाई. पोरगं सोंग करते, हे मनात धरूनच माय गेली. दुखते म्हणलो असतो तं काय बिघडलं असतं? पण मले कुठी मालूम होतं का ती काय विचारून राह्यली.

फडावरच्या त्या गोठीनंतर गोमाभाऊ घरी आले. गोमाभाऊ आमच्या दंडारीतले ढोलकीवाले, माझ्या बापाच्या वयाचे. म्हणे, "ऊठ. नागपूरले जाऊ. तू सोंग करते का नाई ते मले मालूम हाय. पन तुले काय झालं ते मालूम नाई." छोट्या रुळाच्या आगगाडीत बसलो. नागभीडले गाडी बदलली. गाडीत गरमी अशी का माझे पाय गेले, ठेसनातून दवाखान्यापर्यंत गोमाभाऊनं मले पाठीवर घेतलं.

नागपूरच्या एका दवाखान्यात मले पलंग भेटला. मोठे डॉक्टर रोज पोरं घेऊन येत, शिकणारे. पोरी बी होत्या त्यात. माझ्या पलंगाभोवती उभे राहत. आपसात इंग्रजीत बोलत, मले मोठे डॉक्टर मराठीत विचारत.

"कुठला?"

"चांदा जिल्हा, साहेब."

"जंगलातला ना? मग हा नसांचा तो आजार असणं शक्य नाही. तो थंड मुलखातल्या गोऱ्या लोकांचा आजार आहे. आपल्याकडे होत नाही. बायकांकडे जातोस का रे? नाचतोस म्हणे."

साऱ्यायपुढं विचारलं. पोरी खाली पाहू लागल्या. घाणेरड्या रोगासाठी रक्त काढलं. त्यात काई निघालं नाई. मंग मोठे डॉक्टर म्हणले, "म्हणजे नाटक." माझ्यासंगं नाई, पोरायसंगं. पण तो शब्द मले समजला. तोच एक शब्द मले चांगला समजते.

तिथी एक डॉक्टरीणबाई होत्या, तरण्याच. त्या म्हणल्या, गरम पाण्यात बसवून पाहू. हा आजार असन तं गरम पाण्यात उफाळून येते, असं पुस्तकात हाय. मोठे डॉक्टर म्हणले, "बसवा. पोरांना गंमत दिसेल."

लोखंडी टब आणला. पाणी कढत नाई, पण चांगलं गरम. मले म्हणले, कपडे काढ. मी लंगोटीवर आलो. म्हणले, ते पण. मी इकडं तिकडं पाह्यलं. एका माणसानं येऊन ते बी काढलं. मी लुगडं नेसून, कुंकू लावून मंडईत एवढ्या लोकायपुढं उभा राह्यलो, कधी लाजलो नाई. ते माझं सोंग होतं, मी घेतलेलं. त्या खोलीत मी लाजलो. मले जमिनीनं गिळावं असं झालं.

पाण्यात बसलो. थोड्या वेळात पाय गेले. डाव्या डोळ्यापुढं धुपट. बोललो तं जीभ जड. मोठे डॉक्टर असे खूश झाले का काय सांगू. "पाहा, पाहा," म्हणून पोरायले जवळ ओढत होते. पायाच्या तळव्याले काडीनं रेघ ओढली, आंगठा वर गेला, पोरायनं वाकून वाकून पाह्यलं. फाशात लावा पक्षी अडकल्यावर आम्ही खूश होतो, तसे ते खूश. मंग सारे बोलत बोलत चहाले निघून गेले.

मी टबातच. उठता येईना. पाणी हळूहळू थंड झालं आन पाय आपल्या मनानं आले. मी तिथी बसून रडलो. लाजेनं रडलो हे खरं हाय. पण दुसरं बी खरं हाय. एवढ्या शिकलेल्या लोकायनं डोळ्यानं पाह्यलं होतं का मी सोंग करून नाई राह्यलो. माय, पाह्यलं का वो, असं तोंडातून गेलं माझ्या.

डॉक्टरीणबाई परत आल्या. त्यायनं माझ्या अंगावर पंचा टाकला. म्हणल्या, "माझं चुकलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." तुम्हाला. मले कोणी शिकलेल्या माणसानं तुम्ही म्हणलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

त्यायनं मले आन गोमाभाऊले बसवून सांगतलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्या अंगात डोक्यापासून, पाठीच्या कण्यातून नसा जातात. त्या नसांवर एक लेप असते. तो जागोजागी झिजते. मंग डोक्यानं धाडलेला हुकूम पायापर्यंत पोचत नाई. गरमीनं आणखीच पोचत नाई. गोमाभाऊ ऐकत होते. म्हणे, "म्हंजे ढोलकीच्या पुडीची शाई उडाल्यावानी. हात तोच, थाप तीच, पन बोल उठत नाई." बाई म्हणल्या, "अगदी तसं."

"दवा?" मी विचारलं.

"नाही."

"कोनी शोधून राह्यलं का?"

"तिकडे विलायतेत शोधतात. इकडे कोणी नाही. इकडे हा आजारच नाही असं म्हणतात."

"मंग मी कोन व्हय, बाई?"

त्या म्हणल्या, गावोगाव जाऊन असे आणखी लोक हायेत का ते पाहावं लागन. त्यायचं रक्त, त्यायच्या नसा तपासाव्या लागतीन. त्याले पैसा लागते. वरून पैसा मागतला तं वरचे म्हणतात, नसलेल्या आजाराले पैसा कशाले.

गोमाभाऊनं एकदम म्हणलं, "पैसा आमी जमवतो. मंडईत. बाकी शोधाचं काम तुमचं."

छोट्या गाडीत मी ते नाव पाठ करत आलो, दंडारीतलं बोलणं पाठ करावं तसं. घरी बयनाले म्हणून दाखवलं. ती डोळे मोठे करून म्हणे, "हे मालती कोन व्हय? नागपूरची का?" किती तरी दिवसांनी मी पोट धरून हासलो. मोहल्ल्यात तेच नाव झालं, मालतीचा आजार. म्हणू दे. नाव तं भेटलं.

नाव आजूबाजूच्या गावायत पोचलं. एक दिवस नदीपलीकडून एक म्हातारी बैलबंडीत पोरीले घालून आली. पोरीचं नाव शेवंता. पहिले डोळा गेला, मंग आला. मंग पाय. नवऱ्यानं आणून सोडली होती. बंडीतून तिले उचलून आणलं, तं तिच्या पोटऱ्यायवर काळे काळे डाग होते. पुजाऱ्यानं विळा तापवून दिलेले. अंगातली बाहेरची बाधा पळावी म्हणून.

"डागलं का पोरगी आनखीच ढिल्ली पडे," म्हातारी सांगे. "पुजारी म्हने, पाहा, बाधा कशी कबूल होऊन राह्यली."

शेवंता माझ्याकडं पाहत होती. हळूच म्हणे, "भाऊ, मी सोंग नाई करत ना?"

ती मले विचारून राह्यली होती. साऱ्यायनं म्हणून म्हणून तिले आपलाच भरोसा राह्यला नव्हता. मी म्हणलो, "नाई बाई. तू सोंग नाई करत." ती अशी रडली का बयनानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तवा कुठी शांत झाली. त्या दिवसापासून हा पैसा माझ्यासाठी राह्यला नाई. माझी शाई उडाली ती उडाली. पण हे डाग कोणाच्या अंगावर पुन्हा पडू नये, एवढं मनात बसलं. त्यासाठी कोणी तरी शोधलं पाहिजे होतं. आन शोधासाठी पैसा.

मंडई मालगुजाराची, म्हणजे गावाच्या जुन्या जमीनदाराची. मालगुजारी सरकारनं घेतल्याले थोडेच वर्ष झाले होते, पण मालगुजार मालगुजारच होता. मैदान त्याचं, मंडप त्याचा, दंडारीची बिदागी त्याची. गोमाभाऊ त्याच्याकडं गेले. तो एका बोलात कबूल झाला. "पुन्याचं काम हाय. मी सोता झोळी धरतो. दवाखान्याले देऊ." आम्हाले वाटलं, देव पावला.

मंडईच्या दिवशी मी सोंग चढवलं. हिरवं लुगडं, बांगड्या, अंबाडा. थंडी पडली होती. पाय बरे चालून राह्यले होते. सारं मैदान भरलं होतं. आमच्या मोहल्ल्यातले मागं, दोरीच्या पलीकडं. पुढं खुर्च्या. खुर्चीवर मालगुजाराचा पाहुणा म्हणून तो ठेकेदार बसून होता. पान खाऊन राह्यला होता. शेवंता बी आली होती, बंडीतून. मीच बोलावलं होतं.

गण झाला. गौळण झाली. मी नाचलो. मंग मालगुजार मंडपात आला आन मले बाजूले घेऊन गेला. मंडपामागं तीन दगडांवर पाण्याचा गंज चढवला होता, लग्नाच्या जेवणाचा असते तेवढा मोठा. खाली लाकडं जळत होती. बाजूले घंगाळ, माणूस बसन एवढं.

"आता थंडी हाय," मालगुजार म्हणला. "तू असा नाचून राह्यला. लोकायले खरं कसं वाटन, सांग बरं? नागपुरात केलं तसं इथी कर. लुगडं काढ, लंगोटीवर बस पान्यात. लोकायच्या डोळ्यापुढं पाय जाऊ दे. पैशाचा पाऊस पडन. झोळी पुरनार नाई."

खरं सांगतो. माझं मन डगमगलं. जीव तुटे माझा त्यासाठी. सारा गाव, ठेकेदार, मुन्शी, ते म्हण म्हणणारी पोरं, सारे आपल्या डोळ्यानं पाहतीन. एकदा पाहतीन आन जन्मभर चूप होतीन. आन पैसा बी येईन. बाईले दिला शब्द राहीन. गोमाभाऊकडं पाह्यलं. ते म्हणे, "तुह्या मनानं कर, बापू." मी लुगड्याच्या निरीले हात बी घातला होता.

तेवढ्यात मालगुजार आपल्या माणसाले म्हणला, "आन ते पोरगी हाय ना बंडीत, तिले बी आना. याच्यानंतर तिले बसवा. बाई पाहून लोकायचा हात आनखीच ढिल्ला होते."

माझा हात निरीवरून निघाला.

नागपूरची ती खोली आठवली. पंचा आठवला. मी म्हणलो होतो का कोणाले, मले उघडं करा? शेवंता म्हणली होती? खरं बोलतो हे गरिबानंच नागडं होऊन काऊन दाखवायचं? ठेकेदाराले कोणी म्हणलं नाई का बयनाचा पत्ता कच्चा होता हे सिद्ध कर. मालगुजाराले कोणी गरम पाण्यात बसवत नाई.

मी मंडपामागून मैदानात आलो. लुगडं नेसूनच. ढोलकी थांबली. मी बोललो ते इतकंच. जसंच्या तसं:

"मायबाप हो, मागं पानी तापून राह्यलं हाय. मले त्यात बसवून तुमाले माहे पाय गेलेले दाखवाचे हायेत. मी बसत नाई. ते पोरगी बी बसनार नाई. ह्या आजाराचं नाव हाय मल्टिपल स्क्लेरोसिस. त्याची दवा शोधाले पैसा पायजे. द्याचा असन तं माहा शबुद ऐकून द्या. अंग पाहून देनार असान तं घरी जा."

ठेकेदार खुर्चीतून म्हणला, "हे नवीन सोंग व्हय का बे?"

मी त्याच्यापुढं जाऊन उभा राह्यलो. बांगड्या भरलेल्या हातानं त्याच्याकडं बोट केलं. "सोंग मी मंडईत करतो. पैसे घेऊन, सांगून करतो. तुमी बारा महिने करता, ठेकेदारसाहेब. माणसाचं."

मालगुजार आला. त्यानं झोळीसाठी अंथरलेला शेला उचलला आन खांद्यावर टाकला. "उपकाराची जानच नाई या जातीले. उतर. पुढच्या सालापासून तुही दंडार माह्या मंडईत पाय ठेवनार नाई." पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मैदानाच्या दुसऱ्या टोकाले दुसऱ्या गावची दंडार सुरू झाली, लोक तिकडं गेले. गंजातलं पाणी कोणी तरी सांडून दिलं.

सारे गेले असं नाई. दोरीपलीकडून आमच्या मोहल्ल्यातल्या बाया आल्या. एकीनं सूप अंथरलं. त्यात मूठ मूठ धान टाकलं, कोणी आणा टाकला. वरच्या मोहल्ल्यातली बी एक म्हातारी आली, पदर तोंडावर ओढून. मूठभर धान टाकलं आन गेली. पैशाचा पाऊस कुठला. भुरभुर बी नाई. गोमाभाऊ ते धान विकून, जे आलं ते घेऊन नागपूरले गेले. डॉक्टरीणबाईनं त्यातून नसा पाहायच्या काचपट्ट्या घेतल्या म्हणे. मोठे डॉक्टर हासले. बाई हासल्या नाईत. म्हणल्या, "या आजारासाठी इथं आलेले हे पहिले पैसे."

मंडईनंतरच्या उन्हाळ्यात शेवंता गेली. पडून पडून पाठीले जखमा झाल्या होत्या, ताप उतरला नाई. मले जाता आलं नाई. ऊन होतं, पाय नव्हते. बयना गेली. म्हातारी तिच्या गळ्यात पडून म्हणे, "तिच्या नवऱ्याले निरोप धाडला. तो म्हने, मरायचं बी सोंग असन."

म्हातारीनं तिले नदीकाठाले पुरलं. तिच्या पाठीच्या कण्यात काय झालं होतं, कोणती नस कुठं झिजली होती, ते कोणी पाह्यलं नाई. मातीनं खाल्लं.

आता माझे पाय थंडीत बी पुरे येत नाईत. नाच सुटला. मंडई सुटली नाई. मालगुजाराची नाई तं दुसऱ्याची. गोमाभाऊ बंडी हाकतात, बयना सूप धरते, मी बंडीत बसून नाव सांगतो, आजार सांगतो, पैसा मागतो. लोक म्हणतात, भीक मागून राह्यला. म्हणू दे. भीक स्वतःसाठी असते.

परवा बयनाले म्हणलो, "मी मेलो का मले पुरू नको."

"मंग काय करू? लोनचं घालू?"

"नागपूरले धाड. बाईकडं. कना चिरून पाहू दे त्यायले."

ती भडकली. हातातला पोळपाट आपटला. "जितेपनी नागडं केलं, ते कमी पडलं का? मेल्यावर बी त्यायनंच पाहाचं का तुमाले?"

मी तिले शेवंताचं सांगतलं. जे मातीनं खाल्लं ते सांगतलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मंग डोळे पुसून म्हणे, "पंच्यात गुंडाळून धाडीन. उघडं नाई धाडनार."

"बरं," म्हणलो.

बाईले निरोप गेला हाय. माझा कणा तुमचा. चिरा, काचेवर ठेवा, शोधा, तुमच्या पोरायले दाखवा. मी हरकत घ्यायले राहणार नाई. पण जोवर माझा श्वास चालू हाय तोवर माझ्या अंगावरचं धोतर माझं हाय. त्याले कोणी हात लावला तं मी त्याचा हात तोडीन. हातात बळ नसन तं दातानं तोडीन.